खिशात 15 ग्रॅम गांजा सापडला तर? शहापूर-मुरबाडमधून उपचारांपर्यंत जाणारी कायद्याची वाट कुठे अडते?

समजा, आसनगाव स्टेशनबाहेर एका 22 वर्षांच्या मुलाच्या खिशात 15 ग्रॅम गांजाची पुडी सापडली. त्याला किती शिक्षा होऊ शकते?

हा प्रश्न कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून बघा. दहा वर्षं, जामीन नाही, आयुष्य बरबाद, अशी उत्तरं येतील. कायद्यातलं उत्तर वेगळं आहे: जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि त्याच कायद्यात एक कलम असंही आहे, ज्याचा आधार घेऊन हा मुलगा खटल्यातून पूर्णपणे बाहेर पडू शकतो. ते फार कमी लोकांना माहीत असतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांनाही शहापूर किंवा मुरबाडमध्ये बसून ते वापरणं सोपं नाही.

कायदा नक्की काय म्हणतो?

अमली पदार्थांसाठी देशभर लागू असलेला कायदा 1985 चा. त्याला सगळे 'एनडीपीएस' म्हणतात. त्यात शिक्षा ठरते ती मुख्यतः वजनावर. प्रत्येक पदार्थाचं 'अल्प प्रमाण' आणि 'व्यावसायिक प्रमाण' ठरवून दिलेलं आहे. गांजा एक किलोपर्यंत अल्प, 20 किलोच्या पुढे व्यावसायिक. चरस 100 ग्रॅमपर्यंत अल्प. हेरॉइन, म्हणजे मुंबईच्या भाषेत गर्द, फक्त 5 ग्रॅमपर्यंत. ठाणे जिल्ह्यातल्या बातम्यांत सारखं दिसणारं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, 2015 मध्ये या यादीत आलं. त्याचं अल्प प्रमाण आहे 2 ग्रॅम आणि व्यावसायिक प्रमाण 50 ग्रॅम. (भांग मात्र या कायद्याच्या 'गांजा' या व्याख्येत बसत नाही. त्याच झाडाची नुसती पानं आणि बिया वगळलेल्या आहेत. शेंडे आले की गुन्हा.)

दहा-वीस वर्षांची शिक्षा आणि जवळपास अशक्य जामीन हे सगळं व्यावसायिक प्रमाणासाठी आहे. लोकांच्या डोक्यात मात्र तेच एक चित्र बसलेलं आहे, कारण बातमी त्याचीच होते.

फक्त सेवन केल्याबद्दल वेगळं कलम आहे, 27. गर्द, कोकेन यांसारख्या पदार्थांचं सेवन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजासारख्या इतर पदार्थांसाठी सहा महिने किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता एक बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. त्याच मुलावर, त्याच पुडीसाठी, गुन्हा 'बाळगल्याचा' लावता येतो किंवा 'सेवनाचा'. बाळगल्याचा असेल तर कलम 20, सेवनाचा असेल तर 27. शिक्षेत फार फरक वाटत नाही. पण पहिल्यांदा चुकलेल्याला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडणारा परिवीक्षा कायदा, म्हणजे प्रोबेशनचा कायदा, एनडीपीएसच्या सज्ञान आरोपीला सहसा लागू होत नाही. कलम 33 ने तो दरवाजा बंद केला आहे. अपवाद ठेवला आहे तो 26 आणि 27 या कलमांचा. म्हणजे फिर्यादीत कुठला आकडा लिहिला गेला यावर बरंच काही ठरतं, आणि तो आकडा लिहिला जातो त्या वेळी शेजारी वकील नसतो.

झडती, अटक, जामीन

अंगझडती घ्यायची असेल तर कलम 50 नुसार पोलिसांनी त्या माणसाला सांगावं लागतं की, तुमची झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर घ्यायची मागणी तुम्ही करू शकता. हे सांगणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1999 मध्ये बलदेव सिंग खटल्यात स्पष्ट केलं. पिशवी किंवा दुचाकीच्या डिकीला मात्र हे लागू नाही. अंगावरच्या झडतीलाच.

अटक केली तर अटकेची कारणं सांगणं, नातेवाइकांना कळवणं आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं, हे कुठल्याही आरोपीसाठी आहे तसंच व्यसनी माणसासाठीही आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, नोटीस देऊन बोलवावं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम 35 मध्ये आहे. आणि 'मी गांजा ओढतो, अमक्याकडून आणतो' असा जबाब एनडीपीएसच्या कलम 67 खाली लिहून घेतला, तरी तो कबुलीजबाब म्हणून पुराव्यात धरता येत नाही. तोफान सिंग खटल्याचा हा निकाल 29 ऑक्टोबर 2020 चा.

जामिनाचं काय? इथे मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन मतांमुळे गोंधळ झाला आहे. 2010 मध्ये स्टीफन म्युलर प्रकरणात न्यायालयाने म्हटलं होतं की अल्प प्रमाणाचे गुन्हे जामीनपात्र आहेत. म्हणजे जामीन हा हक्क, पोलीस ठाण्यातूनच सुटता येतं. 7 ऑक्टोबर 2020 ला रिया चक्रवर्तीच्या जामीन अर्जावरच्या आदेशात न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी बलदेव सिंग निकालाचा आधार घेऊन या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र असल्याचं नमूद केलं. त्या आदेशात तिला जामीन मिळाला. पण एका नामांकित अभिनेत्रीच्या खटल्यात लिहिलं गेलेलं वाक्य खाली तालुक्यापर्यंत पोहोचतं. 15 ग्रॅमवाल्या मुलासाठी त्याचा अर्थ असा की, कलम 37 च्या कडक अटी त्याला लागू नसल्या, तरी जामीन आता पोलिसांकडे मागायचा नसून न्यायालयाकडे मागायचा आहे.

आणि न्यायालयाने जामीन दिला तरी जामीनदार लागतो. जामीनदार म्हटलं की सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप. शहापूर-मुरबाडमधल्या कातकरी वाड्यांवर अनेकांकडे घराखालची जमीनही स्वतःच्या नावावर नसते. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला दिले. म्हणजे न्यायालयालाही ठाऊक आहे की देशभर लोक आदेश हातात असून आत बसलेले असतात.

कलम 64 अ: खटला नको, उपचार

आता त्या कलमाकडे येऊ. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल असेल आणि तिने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवला जाणार नाही. अट एकच: उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. याच्या जोडीला कलम 39 आहे. दोषी ठरल्यावरही न्यायालय लगेच शिक्षा न सुनावता, त्या व्यक्तीच्या संमतीने तिला उपचारांसाठी सोडू शकतं, आणि एक वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल घेऊन हजर व्हायला सांगू शकतं.

ही कलमं कागदावरच आहेत असंही नाही. अभिनेता फरदीन खानला 2001 मध्ये मुंबईत कोकेन प्रकरणात अटक झाली होती. त्याने व्यसनमुक्तीचे उपचार घेतले आणि मार्च 2012 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला 64 अ खाली खटल्यातून संरक्षण दिलं. त्याला चांगला वकील होता, उपचारांची सोय शहरातच होती, तारखांना हजर राहायला गाडी होती. तरी अकरा वर्षं लागली.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांचं काय होतं? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतली 2017 आणि 2018 मधली दहा हजारांहून अधिक प्रकरणं तपासली. जवळपास सगळी सेवनाची. त्यातली बहुतांश गांजाची. पकडले गेलेले बरेचसे लोक झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणारे, रोजंदारीवर जगणारे. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, घरी जायचं, हा तिथला नेहमीचा मार्ग. 2022 मध्ये एनडीपीएसच्या गुन्ह्यांच्या संख्येत केरळनंतर महाराष्ट्राचा नंबर होता, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार 13,830. त्यातही स्वतःच्या वापरासाठी पकडलेल्यांचाच भरणा जास्त.

गुन्हा कबूल करणं सोपं वाटतं, कारण त्याच दिवशी प्रकरण मिटतं. रोज बुडत नाही. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढे मुरबाड एमआयडीसीत किंवा महामार्गालगतच्या गोदामांत सुरक्षारक्षकाची नोकरी मागताना चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो, आणि तेव्हा हजार-दोन हजार रुपयांचा तो जुना दंड पुन्हा वर येतो. कबुली देण्याआधी '64 अ चा अर्ज करायचा आहे' हे एक वाक्य न्यायालयात बोलायला कुणी सांगितलेलं नसतं.

उपचार घ्यायचे, पण कुठे?

64 अ मधला कळीचा शब्द आहे 'सरकारी किंवा सरकारमान्य'. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. व्यसनाच्या उपचारात सुरुवातीचे काही दिवस देखरेख लागते, नंतर महिनोन्‌महिने पाठपुरावा लागतो. त्यासाठीचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, 1901 पासूनचं, राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. कसाऱ्याहून ठाणे रेल्वेने सत्त्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. मुरबाडला तर रेल्वेच नाही. टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाला आधी जीप, मग एसटीने कल्याण, मग लोकल. एका फॉलोअपला एक दिवस आणि एक मजुरी.

त्यात इथलं वर्षाचं चक्र वेगळं. पावसाळा संपला, भातकापणी झाली की कित्येक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती थेट उन्हाळ्याअखेर परततात. भट्टीमालकाची उचल आधीच घेतलेली असते. अशा माणसाला न्यायालय म्हणतं, दर महिन्याला तारखेला या. डॉक्टर म्हणतात, दर पंधरा दिवसांनी या. तारीख चुकली की वॉरंट, उपचार चुकले की 64 अ चं संरक्षण धोक्यात. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकाच पत्त्यावर वर्षभर राहणारा माणूस होता, हे उघड आहे.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं की, बेकायदा पदार्थांवर अवलंबून असलेल्या चारपैकी एकालाच कधीतरी काही मदत मिळाली, आणि दाखल होऊन उपचार मिळाले ते वीसपैकी एकाला. दारूचं चित्र याहून वाईट: 38 जणांमागे एकाला काहीतरी उपचार, 180 जणांमागे एकाला दाखल होऊन.

दारूचा उल्लेख इथे टाळता येत नाही, कारण शहापूर-मुरबाडमध्ये 'व्यसन' म्हटलं की पहिलं नाव तिचंच निघतं. तिचा कायदा वेगळा आहे, 1949 चा दारूबंदी कायदा, आणि त्यानुसार महाराष्ट्रात आजही परवान्याशिवाय दारू पिणं हा गुन्हा ठरतो. शहरातल्या बारमध्ये कुणी ते विचारत नाही. पाड्यावरच्या हातभट्टीवर मात्र धाड पडते. या भागाला ही विषमता नवी नाही. इंग्रजांनी 1892 मध्ये मोहवा कायदा आणला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. त्याने मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच निर्बंध आणले, कारण घरी गाळलेल्या दारूमुळे सरकारी अबकारी बुडत होती. ज्या फुलांवर आदिवासी कुटुंबं टंचाईच्या महिन्यांत पोट भरायची, ती घरात सापडली की गुन्हेगार. मोहफुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर नंतरही चालू राहिलेली बंधनं महाराष्ट्र सरकारने उठवली ती 2021 मध्ये.

'गर्दुल्ला' म्हटलं की

कायद्याची शिक्षा ठरावीक मुदतीची असते. गावातली तशी नसते. 'गर्दुल्ला' हा शब्द गर्द या पदार्थावरून आला. आता तो स्टेशनवर झोपलेल्या कुठल्याही मळक्या माणसाला लावला जातो. गंजेडी, चरसी, बेवडा हे शब्द तर घरातलेच लोक वापरतात. मधुमेहाच्या रुग्णाला कुणी 'साखरखाऊ' म्हणत नाही.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरलेल्या आहेत. म्हणजे ज्या माणसाकडे एनडीपीएस आरोपी म्हणून बघतो, त्याच्याकडेच हा कायदा रुग्ण म्हणून बघतो आणि त्याला हक्क देतो: परवडणारे सरकारी उपचार, गोपनीयता, मोफत कायदेशीर मदत, शारीरिक आजाराइतकीच वागणूक.

याचा सगळ्यात थेट संबंध आहे खासगी 'व्यसनमुक्ती केंद्रां'शी. 'फोन करा, आमची माणसं येऊन घेऊन जातील' ही जाहिरात अनेकांनी पाहिली असेल. थकलेली आई किंवा बायको उसने पैसे काढून तो नंबर फिरवते. तिला दोष देण्यात अर्थ नाही, तिच्याजवळ दुसरा नंबर नसतो. पण कायद्याने बघायचं तर, माणसाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एका वैद्यकीय व्यावसायिकाने स्वतंत्रपणे तपासावं लागतं, मुदत जास्तीत जास्त 30 दिवस, आणि पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावं लागतं. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. जबरदस्तीने टक्कल करायला, कामाला जुंपायला बंदी आहे. फोन करू न देणं, भेटू न देणं हे हक्काचं उल्लंघन. नोंदणी नसलेलं केंद्र चालवलं तर पहिल्याच वेळी 50 हजारांपर्यंत दंड, पुढे पाच लाखांपर्यंत. त्यामुळे केंद्राला विचारायचा पहिला प्रश्न फीचा नसावा. 'राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, दाखवा' हा असावा. आणखी एक गोष्ट: 64 अ साठी मान्यता नसलेल्या केंद्रातले तीन महिने उपयोगाचे नाहीत. पैसे गेले, खटला तसाच.

बायकांबद्दल बोलायचं तर त्या या सगळ्या चर्चेत जवळपास दिसतच नाहीत. पुरुषाचं व्यसन निदान उघड असतं. बाईचं झाकलं जातं, आणि झाकलेल्या आजाराला दवाखान्यापर्यंत नेणारं कुणी नसतं.

गावाने किंवा समाजाच्या पंचायतीने अशा कुटुंबाशी व्यवहार तोडले, लग्नकार्यात बोलावू नका असा फतवा काढला, तर त्यासाठी महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. 2016 चा हा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रामसभेने दारूबंदीचा ठराव करणं ही वेगळी गोष्ट. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायद्यानुसार मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवायचा ग्रामसभेला अधिकारच आहे. भट्टी बंद करता येते. माणसाला वाळीत टाकता येत नाही.

आणि मोबाइल. नशेत झिंगणाऱ्या पोराचा व्हिडिओ काढून 'आपल्या तालुक्याचं भविष्य' असा मथळा देऊन टाकणारी पेजेस प्रत्येक तालुक्यात आहेत. मुलगा 18 वर्षांखालचा असेल आणि बाल न्याय प्रक्रियेत आलेला असेल, तर त्याचा चेहरा, नाव, शाळा उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फॉरवर्ड करणाराही 'मी नाही काढला' म्हणून सुटेलच असं नाही. अल्पवयीन मुलावर अशा किरकोळ गुन्ह्यासाठी एफआयआरही नोंदवायचा नसतो, डायरीत नोंद करून त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यायचं असतं. उलट त्याला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. उपचार घेत असलेल्या प्रौढाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यावरही 2017 च्या कायद्याने बंदी आहे.

बदल होणार होता, त्याचं काय झालं?

ऑक्टोबर 2021 मध्ये, आर्यन खान प्रकरण गाजत असताना, सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच्या वापरासाठी अल्प प्रमाण बाळगणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचारांकडे पाठवावं अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या. पोर्तुगालने हेच 2001 मध्ये केलं. तिथे दहा दिवसांच्या वापराइतका पदार्थ सापडला तर प्रकरण फौजदारी न्यायालयाऐवजी समुपदेशन करणाऱ्या समितीकडे जातं. आपल्याकडे कलम 27 अजून जागेवर आहे. एचआयव्हीच्या क्षेत्रात मात्र एक पाऊल पडलं. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने सुई-सिरिंज वाटप आणि पर्यायी औषधोपचार करणाऱ्यांना आणि ते घेणाऱ्यांना गुन्ह्यापासून संरक्षण दिलं.

तोवर जे हाताशी आहे ते असं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन 14446, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416, कायदेशीर मदतीसाठी 15100. आदिवासी, अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री, मूल किंवा कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्न किती हे न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी ठाण्याला जावं लागत नाही. शहापूर आणि मुरबाडच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समिती असते. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी तो लिहून घ्यावा लागतो.